माफ करायला आता कुणी उरलं नाही

या वेळी चार पत्रं अशी आली की ती वेगवेगळी ठेवताच येईनात. प्रसंग निराळे, वयं निराळी, पण चौघांच्याही मनाला एकच गोष्ट खाते आहे: माझ्या हातून हे झालं, आता मी स्वतःकडे कोणत्या तोंडानं बघू? पहिल्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देते आहे. ते आल्यापासून माझ्या टेबलावरून हललेलं नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ५३. आई पाच वर्षं माझ्याकडे होती. तिला अल्झायमर होता. शेवटची दोन वर्षं ती दिवसभर एकच विचारायची, "हे अजून कसे आले नाहीत?" बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. सुरुवातीला मी खरं सांगायची, तर ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग मी "येतीलच आता" म्हणायला लागले.

एका रात्री पावणेतीनला कडी वाजली म्हणून उठले. ती दार उघडून बाहेर पडायच्या बेतात होती. त्या रात्रीतली ती चौथी खेप. मी तिचं मनगट धरून तिला आत ओढलं, खूप जोरात, आणि ओरडले, "मेलेत ते! कितीदा सांगू?" ती मुकाट्यानं पलंगावर जाऊन बसली. सकाळी मनगटावर काळानिळा वळ होता. तिनं तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे गं कशानं झालं?" मी म्हटलं, "दार लागलं असेल." ती म्हणाली, "असेल. तू जप हो, तुला नको लागायला."

धाकट्या बहिणीनंही तो वळ पाहिला. तिलाही मी दाराचंच सांगितलं.

सात महिन्यांनी आई गेली. भेटेल तो म्हणतो, "आईचं खूप केलंस, तिचे आशीर्वाद आहेत तुझ्या पाठीशी." आशीर्वाद हा शब्द ऐकला की मला तिथून उठून जावंसं वाटतं. मध्यंतरी सासूबाईंनी विचारलं, आता मी तुमच्याकडे येऊन राहू का? मी नाही म्हटलं. कुणाचं म्हातारपण माझ्या हातात द्यावं अशी माझी लायकी नाही.

सगळे सांगतात, स्वतःला माफ कर. पण आईला काही आठवतच नव्हतं, त्यामुळे तिची माफी मागता आली नाही आणि आता ती नाही. माफ करायला कुणी उरलं नाही. गुन्हेगारानंच न्यायाधीश होऊन स्वतःला सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. तुम्हीही तेच सांगणार असाल तर उत्तर देऊ नका.

उत्तर : ते सांगणार नाही, म्हणून उत्तर देते आहे.

तुमचं पत्र हातानं लिहिलेलं आहे, साडेतीन पानं. रात्रीचा प्रसंग त्यात एकटाकी उतरला आहे, कुठेही खाडाखोड नाही. अडखळलात त्या सकाळच्या वाक्यापाशी. आधी "मी काहीच बोलले नाही" असं लिहून त्यावर रेघ मारली आहे. मग "मी विषय बदलला", त्यावरही रेघ. तिसऱ्यांदा "दार लागलं असेल" हे खरं वाक्य आलं, आणि तिथे पेन एवढं दाबलं गेलं आहे की अक्षरं पानाच्या मागच्या बाजूनं बोटाला लागतात.

मला वाटतं, वळापेक्षा हे वाक्य तुम्हाला जास्त खातं आहे. ओढाओढ झाली ती क्षणार्धात, चौथ्यांदा झोपमोड झालेल्या बाईच्या हातून. वाक्य मात्र सकाळच्या उजेडात, पूर्ण शुद्धीवर बोललात. आणि ते ऐकून आईनं तुमचीच काळजी केली. ती माया आपण फसवून घेतली, असं तुम्हाला वाटत राहिलं आहे. लोक आशीर्वाद म्हणतात तेव्हा तुम्हाला ऐकू येतं, "तिला खरं कळलं असतं, तर दिला असता का?"

पण दोन खोटी वाक्यं खोडून तिसरं खरं लिहिलंत ना? कुणी बघत नव्हतं. पहिलंच तसंच ठेवलं असतंत तरी मला कधी कळलं नसतं. स्वतःला क्षमा करण्याची सुरुवात तिथूनच होते, जे घडलं ते जसंच्या तसं म्हणण्यापासून. ती तुम्ही माझ्या उत्तराआधीच केली आहे.

आता तुमचा आक्षेप. तो रास्त आहे. आईच्या वतीनं तुम्ही स्वतःला माफ करू शकत नाही, तो अधिकार तिचा होता आणि तिच्याबरोबर गेला. पण न्यायाधीशाचं काढलंत म्हणून विचारते. न्यायाधीश शिक्षा सुनावतो तेव्हा तिची मुदत लिहितो. तुम्ही स्वतःला किती मुदतीची शिक्षा दिली आहे? साडेतीन पानांत मला ती कुठे सापडली नाही.

क्षमा हा शब्द 'क्षम्' या धातूवरून आला आहे. सहन करणं, पेलणं हा त्याचा अर्थ. आपण रोज वापरतो ते क्षमता आणि सक्षम हे शब्दही त्याच धातूचे. संस्कृतात पृथ्वीला क्षमा हे एक नाव आहे, ती सगळ्यांचा भार पेलते म्हणून. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो. "मी आईला ओढलं, तिच्यावर ओरडले आणि सकाळी तिच्याशी खोटं बोलले," हे एवढं वाक्य तुम्हाला आयुष्यभर जवळ बाळगायचं आहे. ते हलकं करायचं नाही, झाकायचं नाही आणि त्याखाली चिरडून जायचंही नाही. त्यासाठी लागणारी ताकद म्हणजे क्षमा. सोडून देण्याचं काम त्या मानानं फार सोपं असतं.

त्या रात्रीबद्दलही थोडं बोलायला हवं. या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग फार लवकर बाधित होतो, म्हणून तोच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. रात्र आणि दिवस यांचंही भान जातं, रुग्ण रात्री उठून बाहेर निघतात. त्यांच्याबरोबर सांभाळणाऱ्याचीही झोप तुटते, महिनोन्‌महिने. झोपेवाचून माणसाचा स्वतःवरचा ताबा कमी होतो, हे शरीराचं काम आहे, त्याला चांगलंवाईट कळत नाही. हे तुमच्या वागण्याचं कारण आहे. सबब नव्हे, आणि तुम्ही ती पुढे केलेलीही नाही. पत्रात झोपेबद्दल चकार शब्द नाही. पण खरं जसंच्या तसं म्हणायचं ठरलं, तर हेही त्यातच येतं. "मी ओढलं" हे जेवढं खरं, तेवढंच "मी दोन वर्षं सलग झोपले नव्हते आणि रात्रीपुरतं दुसरं माणूस मी कुणाकडे मागितलं नाही" हेही खरं असणार.

तिला आठवत नव्हतं म्हणजे तिला काही झालंच नाही, अशी समजूत मात्र मी काढणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या १७ रुग्णांना त्यांनी काही दुःखी आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात आपण काय पाहिलं ते बहुतेकांना नीट सांगता येईना, पण त्यातून आलेलं दुःख किंवा आनंद मागे रेंगाळत होता. घटना जाते, तिची चव राहते. म्हणजे त्या रात्री आई पलंगावर बसली, तेव्हा का घाबरलो ते विसरूनही ती काही वेळ घाबरलेली असेल. हे वाचताना तुम्हाला दुखेल, पण तुम्ही अर्धवट सांत्वन मागितलेलं नाही.

याच अभ्यासाची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. "येतीलच आता" हे तुम्ही तिला किती वेळा म्हणालात? हजारो वेळा. ते शब्द तिला आठवले नाहीत, त्यातला धीर मात्र त्या त्या वेळी तिच्यापाशी थोडा थोडा राहिला असणार. सकाळी तिनं वळ कुणापुढे धरला? तुमच्यापुढे. दुखणं माणूस ज्याच्याजवळ निर्धास्त असतो त्याच्याकडे घेऊन जातो. "तू जप हो" हे दाराच्या उत्तरावर दिलेलं बक्षीस नव्हतं. ते तुम्ही फसवून मिळवलेलं नाही. रात्र तिच्या डोक्यातून पुसली गेली होती, तुम्ही पुसल्या गेल्या नव्हत्या. आशीर्वाद म्हणायचा तर तो मला तिथे दिसतो. तो तुमच्यासाठी होता, वळासकट.

राहिला लायकीचा मुद्दा. "मी वाईट केलं" आणि "मी वाईट आहे" ही दोन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात, पण जून टँगनी या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं याच फरकावर काम केलं आहे. पहिल्या वाक्यातून माणूस दुरुस्तीकडे जातो. दुसऱ्यातून तो लपतो, टाळतो, कधी उलट चिडतो. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी माझ्याच वहीतून कळलं आहे.

समुपदेशनाच्या कामातलं माझं तिसरं वर्ष होतं. एकोणीस वर्षांचा एक मुलगा यायचा. त्यानं शिक्षण सोडलं होतं आणि घरी कुणाला ठाऊक नव्हतं. योग्य वेळी मीच सांगेन, असं तो म्हणाला होता आणि मी हो म्हटलं होतं. एके दिवशी त्याच्या वडिलांचा मला फोन आला. बोलता बोलता ते रडायला लागले. मला ते ऐकवेना, आणि मी सांगून टाकलं. कुणाच्या जिवाला धोका नव्हता, सांगण्याचं काही कारण नव्हतं. त्यांचं रडणं थांबावं, एवढंच मला हवं होतं. मुलगा पुढच्या आठवड्यात आला. आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "तुम्हाला सांगितलं ही माझी चूक." मी त्याला माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं त्या वयाचा मुलगा आला की मी त्याला दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवायचे. मला वाटायचं, हीच माझी शिक्षा आणि ती योग्यच आहे. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी होत्या, त्यांच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "शिक्षा तू भोगते आहेस असं तुला वाटतं. आणि दारातून परत गेलेली मुलं? ती काय भोगतायत?" त्या संध्याकाळी मी नोंदवही काढून बसले. चौदा नावं होती. त्यातली दोन मुलं, मी सुचवलेल्या ठिकाणी कधी गेलीच नव्हती.

माझी चूक एका मुलाच्या बाबतीत होती. शिक्षेच्या नावाखाली मी ती चौदा जणांपर्यंत नेली. तेव्हापासून त्या वयाची मुलं मी घेते, आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाला सांगते की इथे बोललेलं काय इथेच राहील आणि कोणत्या परिस्थितीत मला ते बाहेर सांगावं लागेल. ते सांगताना दर वेळी तो दारातला मुलगा डोळ्यांपुढे येतो. यायलाच हवा.

म्हणून सासूबाईंबद्दल एवढंच म्हणते. त्यांना घरी आणा असं मी सांगत नाही. तुम्ही थकल्या असाल आणि नकोच असेल, तर तो नकार अगदी रास्त आहे. पण तो नकार तुमच्या कंबरेनं, झोपेनं, घरात हाताखाली माणसं किती आहेत यानं ठरवा. लायकी नाही म्हणून देऊ नका. आणि हो म्हणालात, तर रात्री कोण उठणार हे त्या यायच्या आधी ठरवा, कागदावर, नावं घालून.

शेवटचं. माफ करायला कुणी उरलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. एक माणूस उरलं आहे. दाराची गोष्ट तुम्ही दोघींना सांगितली होती, त्यातली एक अजून आहे. बहिणीला भेटा, फोनवर नको. "आईच्या हातावरचा वळ माझ्यामुळे होता. मी तुलाही खोटं सांगितलं," एवढं म्हणा आणि गप्प बसा. पुढे "पण" जोडू नका. ती चिडेल, रडेल, कदाचित म्हणेल की मला माहीत होतं. त्या वर्षांत आपण किती रात्री आलो हेही कदाचित तिला आठवेल. ती काहीही म्हणाली तरी ते पेलायची क्षमता तुमच्यात आहे, हे मला त्या दोन रेघांवरून कळलं.

प्रश्न : माझ्या नवऱ्यानं ऑनलाइन जुगारात आमची साठवलेली सगळी रक्कम घालवली. चौदा महिने मला कळू दिलं नाही. गेल्या महिन्यात एका शिबिराला जाऊन आला आणि आता म्हणतो, "मी स्वतःला माफ केलंय, मी शांत आहे, तूही मागचं उगाळू नकोस." मी काही विचारलं की म्हणतो, "तू मला पुढे जाऊ देत नाहीस." मी कोत्या मनाची आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही अजिबात कोत्या मनाच्या नाही.

स्वतःला क्षमा करण्यावर मानसशास्त्रात संशोधन उशिरा सुरू झालं. ज्युली हॉल आणि फ्रँक फिंचॅम यांनी २००५ साली या विषयाची नीट मांडणी केली, आणि त्यातच खोट्या आत्मक्षमेबद्दल बजावून ठेवलं आहे: आपलं चुकलं हे मान्य न करता, त्याची जबाबदारी न घेता जो माणूस स्वतःला मोकळं करतो, त्यानं क्षमा केलेली नसते, चूकच नाकारलेली असते. बाहेरून दोघंही सारखेच शांत दिसतात.

फरक ओळखायचा तर प्रश्न विचारून बघायचा. ज्यानं खरोखर स्वतःला क्षमा केली आहे त्याला प्रश्न सोसतात. तो "विचार" म्हणतो, पुन्हा तेच विचारलं तरी सांगतो, कारण त्याला आता लपवायचं काही नसतं. तुमच्या नवऱ्याला प्रश्न सोसत नाहीत. म्हणजे ते त्या वाटेवर अजून निघालेले नाहीत.

शांत आहेत तर बरंच आहे, त्या शांततेत बसून करायची कामं आहेत. सगळ्या खात्यांचे उतारे तुमच्यापुढे ठेवायचे. कर्ज किती, कुणाचं, ते लिहून द्यायचं. काही काळ व्यवहार तुमच्या हाती द्यायचे. आणि उपचार. जुगाराचं व्यसन हा मान्यता असलेला आजार आहे; अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ च्या वर्गीकरणात त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घातलं. व्यसनमुक्तीचं काम करणारे डॉक्टर त्यावर उपचार करतात. शिबिरानं ते होत नाही.

तुमचा राग किती दिवस टिकावा हे ठरवणं त्यांचं काम नाही. आणि तुम्हीही स्वतःला एका गोष्टीसाठी टोचत असाल, "मला चौदा महिने कळलं कसं नाही." विश्वास ठेवला म्हणून कळलं नाही. त्यात तुमचा काही दोष नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्री साडेनऊला फोनवर म्हणाला, छातीत जळजळतंय, डावा खांदा जड वाटतोय. मी म्हटलं, पित्त असेल, गोळी घे आणि झोप. पहाटे तो गेला. वय ४४. दीड वर्ष झालं. शाळकरी पोराला कळलं असतं ते मला कळलं नाही. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही. कधी कधी वाटतं, त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं.

उत्तर : भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. दीड वर्ष झोप नाही, लक्ष लागत नाही आणि आपण जायला हवं होतं असं वाटतं, हा फक्त शोक राहिलेला नाही. अवाजवी अपराधीपणा हे नैराश्याचं एक ठळक लक्षण आहे, आणि दोन आठवडे अशी अवस्था टिकली तरी डॉक्टर ती गंभीरपणे घेतात. तुम्ही दीड वर्ष काढलं आहे. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि हे वाक्य घरातल्या एका माणसाला आज बोलून दाखवा. माझं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये केलेला एक प्रयोग सांगते. त्यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन वाचायला दिलं. काहींना शेवट सांगितला नाही, बाकीच्यांना वेगवेगळे शेवट सांगितले: कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे जिंकले. मग विचारलं, हे वर्णन वाचून काय होईल असं वाटलं असतं? ज्यांना जो शेवट सांगितला होता, तो खरा असो वा खोटा, तोच त्यांना आधीपासून जास्त शक्य वाटला. एकदा शेवट कळला की तो कळण्याआधीचं डोकं आपल्याला परत मिळत नाही.

साडेनऊला फोन उचलणाऱ्या तुमच्याकडे एक आवाज होता आणि जळजळ हा शब्द. पित्तानंही तेच होतं, हजारदा तेच असतं. "शाळकरी पोराला कळलं असतं" हे वाक्य पहाटेनंतरच्या माणसाचं आहे. तुम्ही ते साडेनऊच्या माणसाला ऐकवता आहात. तुमचा अंदाज चुकला, आणि त्याची किंमत भयंकर होती. पण तुमचा हेतू चुकला नव्हता, आणि ज्याच्याकडे आधी फोन करावासा वाटला ते तुम्ही होतात.

एव्हरेट वर्दिंग्टन हे क्षमेचे अभ्यासक. १९९० च्या दशकात त्यांच्या आईचा खून झाला, आणि त्या मारेकऱ्याला त्यांनी क्षमा केली. २००५ मध्ये त्यांच्या भावानं आत्महत्या केली. तेव्हा आपण त्याच्यासाठी पुरेसं केलं नाही म्हणून स्वतःला क्षमा करायला त्यांना त्याहून फार जास्त कष्ट पडले, असं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. ज्यांचा हा आयुष्यभराचा विषय त्यांना हे एवढं जड गेलं, तर तुम्ही दीड वर्षात मोकळे झाला नाहीत यात तुमचं काही कमी पडलेलं नाही.

बाकीच्या वाचकांना एक विनंती. छातीत दाब किंवा जळजळ आणि त्याबरोबर खांदा, हात, जबडा दुखणं, घाम, धाप यातलं काहीही असेल तर पित्त की हृदय हे घरी बसून ठरवू नका. लगेच रुग्णालय गाठा. यांच्या भावाची आठवण म्हणून तेवढं कराल.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. पहिल्या चाचणीला अभ्यास टाळत राहिलो आणि नापास झालो. तेव्हापासून रोज स्वतःला शिव्या घालतो. मित्र म्हणतो, स्वतःला माफ कर. पण शिव्या घालणं थांबवलं तर मी आणखी आळशी होईन ना? महिन्यानं मोठी परीक्षा आहे.

उत्तर : तुझी भीती खूप जणांना वाटते, आणि ती चुकीची आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली होती, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. कारण साधं आहे. तू पुस्तक उघडतोस तेव्हा नापास झाल्याची आठवण येते, शिव्या सुरू होतात, ते नकोसं होतं आणि तू पुस्तक मिटतोस. तू पळतोस तो त्या शिव्यांपासून. धड्याला तू भीत नाहीस.

एकदा म्हण, "मी टाळलं, त्यामुळे नापास झालो, ते माझं मी केलं." मोठ्यानं म्हण. मग त्याच जागी बसून पहिला धडा, पहिलं पान, वीस मिनिटं. उद्या दुसरं पान.

आणि काय झालं ते मला नक्की कळव. तू १९ वर्षांचा आहेस ही ओळ मी दोनदा वाचली. का, ते वरच्या पहिल्या उत्तरात आहे.